मुंगीच्या एवढ्याशा डोक्यात काय असतं, आणि एक मुंगी स्वतःचा मेंदू लहान का करून घेते

ओट्यावर गुळाचा खडा राहिला की तासाभरात मुंग्यांची रांग लागते, हे कुणाला सांगायला नको. कधीतरी त्या रांगेच्या मधोमध ओलं बोट फिरवून बघा. दोन्हीकडच्या मुंग्या तिथवर येतात, थबकतात, मिशा हलवतात, मागे फिरतात, परत येतात, आणि गूळ चार बोटांवर असूनही बराच वेळ तिकडे जात नाहीत. आमची आजी डब्यांभोवती हळदीची रेघ ओढायची तेव्हाही असंच व्हायचं. लहानपणी मला वाटायचं की मुंगीला अक्कल नसते, समोर आहे ते दिसत नाही म्हणजे काय! नंतर कळलं की तिच्यासाठी रस्ता हा वासाचा बनलेला असतो, पुढच्या मुंग्यांनी जमिनीवर टेकवत नेलेल्या रसायनाचा, आणि तो मी बोटाने पुसून टाकला होता. म्हणजे आपल्यासाठी कुणी पूल काढून घ्यावा तसं. तेव्हापासून या जिवाच्या डोक्यात नेमकं काय चालतं याचं मला जे वेड लागलंय ते अजून गेलेलं नाही.

तर आधी आकडे. मुंगीच्या मेंदूत साधारण अडीच लाख न्यूरॉन, म्हणजे संदेश नेणाऱ्या पेशी, असतात असं धरतात, जातीप्रमाणे कमीजास्त. केळ्यांवर घोंगावणारी जी बारीक फळमाशी असते तिच्या मेंदूत १ लाख ४० हजारांच्या आसपास, मधमाशीच्या दहा लाखांच्या जवळ, आणि आपल्या सुमारे ८६ अब्ज. एका माणसाच्या मेंदूइतक्या पेशी गोळा करायच्या तर जवळपास साडेतीन लाख मुंग्या लागतील. पण नुसत्या संख्येवरून अंदाज बांधायला गेलो की फसगत होते, कारण आपला मेंदू आपल्या वजनाच्या साधारण दोन टक्के असतो आणि अगदी बारीक जातीच्या काही मुंग्यांमध्ये हेच प्रमाण दहा टक्क्यांच्याही पुढे जातं. जीव जितका लहान तितका मेंदूचा वाटा मोठा, हा नियम पुष्कळ प्राण्यांत दिसतो, कारण मेंदूच्या पेशी एका मर्यादेखाली बारीक करता येत नाहीत आणि वास, नजर, पाय, जबडा हे सगळं सांभाळायला किमान काही पेशी तर लागतातच. आणि मेंदू हा महागडा अवयव आहे, बसल्याजागीही खात राहतो. हा खर्चाचा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी तोच कामाला येणार आहे.

मुंगीची मज्जासंस्था आपल्यापेक्षा वेगळ्या पद्धतीने मांडलेली असते. आपला मज्जारज्जू पाठीकडून जातो, तिचा पोटाकडून. आणि तो नुसता दोर नसतो, त्यावर जागोजागी गाठी असतात, न्यूरॉनचे गठ्ठे, ज्यांना गँग्लिया म्हणतात. छातीत पायांच्या तीन जोड्यांसाठी तीन गाठी, मागे पोटात आणखी, नांगीचं काम बघणारी शेवटाकडे. पाय कुठल्या क्रमाने उचलायचे हे बरंचसं त्या छातीतल्या गाठी आपसात ठरवतात. मेंदू फक्त चल, थांब, डावीकडे वळ एवढं सांगतो, म्हणजे साहेबाने पत्ता सांगायचा आणि गिअर कधी बदलायचा ते ड्रायव्हरने बघायचं.

खेडेगावात वाढलेल्यांना मोठ्या काळ्या मुंगळ्याचा अनुभव असेल. तो चावला आणि ओढून काढायला गेलं तर धड हातात येतं आणि डोकं तसंच चिकटून राहतं. त्याचं कारण याच रचनेत आहे. जबडे आवळणारे स्नायू डोक्यातच असतात (मुंगीच्या डोक्यातली मोठी जागा मेंदूने नाही, या स्नायूंनी व्यापलेली असते) आणि त्यांना हुकूम देणारी गाठही डोक्यातच, मेंदूच्या खाली. त्यामुळे धड तुटलं तरी चावण्याची अख्खी यंत्रणा शाबूत राहते. तिकडे धडाचे पायही थोडा वेळ हलत असतात, कारण त्यांच्या गाठी त्यांच्याजवळ आहेत. अजून एक गंमत म्हणजे मुंगीची अन्ननलिका मेंदूच्या आणि या खालच्या गाठीच्या मधून जाते, प्रत्येक घास मेंदूच्या मधून खाली उतरतो म्हणा ना. पूर्ण वाढ झालेली मुंगी फक्त पातळच गिळू शकते, घट्ट काही असेल तर ते अळ्यांना भरवलं जातं.

ही खालची गाठ किती महत्त्वाची आहे ते एका परजीवीला बरोबर ठाऊक आहे. मेंढ्या आणि गुरांच्या यकृतात राहणारा एक चपटा कृमी आहे, त्याची पिल्लं आधी गोगलगायीतून मुंगीत येतात आणि तिथून त्यांना परत गुरांच्या पोटात जायचं असतं. मुंगीच्या पोटात ती डझनांनी असतात, पण त्यातलं एखादं वर डोक्यात जाऊन या गाठीपाशी बसतं. मग गारवा असला की ती मुंगी गवताच्या पात्याच्या टोकाला जाऊन जबडे आवळून धरते आणि चरणाऱ्या जनावराच्या तोंडी जाते, आणि ऊन तापलं की पकड सोडून खाली येते, कारण उन्हात ती भाजून मेली तर कृमीचंही काम फसेल. एकदा हे वाचल्यावर गवताकडे बघायची नजरच बदलते.

आणि याच्या उलटं उदाहरण म्हणजे ती झोंबी मुंगीवाली बुरशी, मुंगीच्या अंगात शिरून तिला आपल्या मर्जीने चालवणारी, जिचे व्हिडिओ सगळीकडे फिरत असतात. बुरशी मेंदू खाते असं त्यात हमखास सांगतात. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा मुंग्यांचे अतिशय पातळ काप काढून आत पाहिलं, तर बुरशीच्या पेशी डोकं, छाती, पोट, पाय सगळीकडच्या स्नायूंमध्ये जाळं विणून बसलेल्या, आणि मेंदूच्या आत मात्र घुसलेल्या नाहीत. बाहेरून रसायनं सोडून मेंदूवर परिणाम करत असेल, पण तो शाबूत ठेवलेला. मला ही गोष्ट बुरशीने मेंदू खाण्यापेक्षा जास्त भयंकर वाटते.

आता वासाकडे येऊ, कारण मुंगीचा मेंदू समजायचा तर इथूनच सुरुवात करावी लागते. आपण ज्याला मुंगीच्या मिशा म्हणतो त्या अँटेना म्हणजे तिचं नाक, आणि स्पर्शही तिथेच. त्यांच्यावरच्या सूक्ष्म केसांमध्ये वास पकडणारे न्यूरॉन असतात आणि त्यांच्या तारा मेंदूच्या पुढच्या भागात जातात, त्याला अँटेनल लोब म्हणतात. हा लोब म्हणजे छोट्या छोट्या गोळ्यांचा घोस, कणसातल्या दाण्यांसारखा, आणि ढोबळमानाने एका प्रकारचा वास पकडणाऱ्या सगळ्या तारा एका गोळ्यात येऊन मिळतात. फळमाशीत असे गोळे पन्नासेक असतात, मधमाशीत १६० च्या आसपास, आणि मुंगीच्या काही जातींत चारशे ते पाचशे! एवढे कशाला? तर मुंगीला फक्त गूळ हुंगायचा नसतो. समोर आलेली मुंगी आपल्या वारुळातली की परकी, राणी जिवंत आहे ना, ही अळी भुकेली आहे का, हा रस्ता खाण्याचा की नुसता, हे सगळं वासावरून ओळखायचं असतं. रांगेत समोरासमोर आलेल्या दोन मुंग्या क्षणभर थांबून एकमेकींना मिशा लावतात ती ओळखपरेडच असते.

हा वास काढून घेतला तर काय होईल? तेही करून पाहिलंय. कीटकांमध्ये ऑर्को नावाचं एक प्रथिन असतं, वास पकडणारे बहुतेक रिसेप्टर त्याच्याशिवाय चालतच नाहीत. २०१७ मध्ये न्यूयॉर्कमधल्या दोन वेगवेगळ्या गटांनी क्रिस्पर या जनुक बदलायच्या तंत्राने मुंग्यांमधला हे प्रथिन बनवणारा जनुक बंद केला. त्यातला एक गट रॉकफेलर विद्यापीठातल्या डॅनियल क्रोनाउअरचा, त्याने निवडलेली मुंगी आंधळी असते आणि तिच्या जातीत राणी नसते, सगळ्या मुंग्या नराशिवाय अंडी घालतात आणि पिल्लं आईची हुबेहूब नक्कल असतात, त्यामुळे एकदा जनुक बदलला की पुढची पिढी आयती तयार. जनुक बंद झालेल्या मुंग्या रांगेतून चालेनात, बाकीच्यांजवळ बसेनात, एकट्याच भटकत राहिल्या. मुंगीचं सगळं मुंगीपण वासावर टेकलेलं आहे हे त्यात लख्ख दिसलं. पण जास्त धक्कादायक होतं ते मेंदूत. त्या पाचशे गोळ्यांपैकी जेमतेम नव्वदेक उरले होते. फळमाशीत हाच जनुक बंद केला तर वास जातो पण गोळे जागेवर राहतात, मुंगीत मात्र वास पकडणाऱ्या पेशीच नसतील तर मेंदूचा तो भाग नीट बांधलाच जात नाही.

याच प्रयोगशाळेने २०२३ मध्ये अशा मुंग्या तयार केल्या की न्यूरॉन कामाला लागला की तो सूक्ष्मदर्शकाखाली उजळून दिसतो. मग त्यांना धोक्याची सूचना देणारे वास दिले. तुम्ही वारुळाला धक्का लावला की सगळीकडे एकदम पळापळ होते ना, ती या वासाने होते. एवढी मोठी गडबड म्हणजे अर्धा लोब पेटत असेल असं वाटावं, पण पाचशे गोळ्यांतले मोजून पाच-सहाच उजळले. काही महत्त्वाच्या वासांसाठी मुंगीच्या मेंदूत जवळजवळ राखीव घंटा आहे.

मध्येच स्वयंपाकघरात परत येतो. मुंग्यांसाठी बाजारात जो खडू मिळतो त्याचा आणि हळदीच्या रेघेचा काहीही संबंध नाही, हे सांगायलाच हवं. हळद रस्त्याच्या वासात गोंधळ करते. खडूत बहुतेक वेळा डेल्टामेथ्रिन असतं आणि ते थेट मज्जातंतूंवर जातं. न्यूरॉनमधून संदेश जाताना सोडियमची बारीक दारं क्षणभर उघडून बंद होतात, हे रसायन ती दारं बंदच होऊ देत नाही, त्यामुळे न्यूरॉन पुन्हा पुन्हा विनाकारण संदेश पाठवत राहतो, मुंगी थरथरते, उलटी पडते, पाय झाडते आणि मरते. लहान मुलं पाटीवरच्या खडूसारखा तो उचलतात, म्हणून घरात पोरं असतील तर कृपया हळद किंवा ओलं फडकंच बरं.

सगळ्याच मुंग्या वासाच्या रस्त्याने जातात असंही नाही. ट्युनिशियाच्या मिठागरासारख्या सपाट वाळवंटात कॅटाग्लिफिस नावाची लांब पायांची मुंगी राहते. ती भर दुपारी बाहेर पडते, उन्हाने मेलेले किडे शोधायला, आणि तिथे जमीन इतकी तापते की रस्त्याला लावलेला वास टिकत नाही. ती एकटी जाते, वेडीवाकडी, इकडून तिकडे, शंभर मीटरच्याही पलीकडे, आणि किडा सापडला की सरळ रेषेत घराकडे. आलेल्या वाटेने नाही बरं का, सरळ रेषेत! म्हणजे प्रत्येक वळणाचा हिशोब ती मनात करत असते.

दिशा तिला आकाशातून कळते. स्वित्झर्लंडहून ट्युनिशियात जाऊन डॉक्टरकी करणाऱ्या फेलिक्स सांत्शी यांनी १९११ च्या सुमारास घरी निघालेल्या मुंग्यांवर येणारं ऊन अडवलं आणि दुसऱ्या बाजूने आरशातून सूर्य दाखवला, तर मुंग्या उलट दिशेला वळल्या. पुढे र्‍यूडिगर वेनर यांनी अख्खं आयुष्य याच मुंगीमागे घातलं आणि दाखवून दिलं की नुसता सूर्यच नाही, आकाशातल्या प्रकाशाच्या लहरी कुठल्या दिशेने कंप पावतात तेही ती वाचते, जे आपल्या डोळ्यांना अजिबात दिसत नाही. डोळ्याच्या वरच्या कडेला त्यासाठी वेगळा पट्टाच असतो. तिथून माहिती मेंदूच्या मध्यभागी सेंट्रल कॉम्प्लेक्स नावाच्या भागात येते, होकायंत्र तिथे.

आणि अंतर? याचा प्रयोग मी ज्याला ज्याला सांगितला त्याला आधी खोटा वाटला. २००६ मध्ये विटलिंगर, वेनर आणि वोल्फ यांनी मुंग्यांना दहा मीटरवर खाऊ ठेवला, त्या तिथे पोचल्या की पकडून काहींच्या पायांना डुकराचे केस चिकटवून पाय लांब केले, गणपतीच्या मिरवणुकीत उंच काठ्यांवर चालणारे असतात तसे, आणि काहींचे पाय थोडे आखूड केले. मग घराकडे सोडलं. उंच झालेल्या मुंग्या घराच्या पुष्कळ पुढे, पंधरा मीटरच्या आसपास जाऊन बीळ शोधायला लागल्या, आणि आखूड पायांच्या सहा मीटरच्या आतच थांबून शोधायला लागल्या. म्हणजे त्या पावलं मोजत होत्या, पावलं तेवढीच पडली पण पाऊल लांब किंवा आखूड झालेलं. पुढच्या खेपेला जाताना-येताना दोन्हीकडे तेच पाय होते तेव्हा मात्र हिशोब बरोबर आला. पाय आखूड करणं मला वाचतानाही टोचलं, ते सांगतो, पण त्याने जे कळलं ते दुसऱ्या कुठल्या मार्गाने इतकं स्वच्छ कळलं असतं असं वाटत नाही.

आता मेंदूतला तिसरा महत्त्वाचा भाग, ज्याला मशरूम बॉडी म्हणतात, कारण कापून बघितलं तर अळंबीसारखा दिसतो, देठ आणि वर टोपी. फ्रेंच शास्त्रज्ञ फेलिक्स दुजार्दां यांनी १८५० मध्ये हे पहिल्यांदा नोंदवलं आणि बुद्धीचा संबंध याच्याशी असावा असं तेव्हाच म्हटलं. आज आपल्याला माहीत आहे की वास, नजर आणि आठवण यांची सांगड इथे बसते, आणि मुंग्या, मधमाश्या, गांधीलमाश्या यांच्यात हा भाग खूप मोठा असतो. मुंगीच्या आयुष्याचा क्रम असा, की तरुणपणी ती वारुळाच्या आत, अंधारात, अंडी-अळ्यांची उस्तवार करते आणि वय झालं की बाहेर खाणं शोधायला जाते. बाहेरचं काम धोक्याचं, म्हणून म्हाताऱ्यांनी करायचं. १९९६ मध्ये सुतार मुंग्यांवर झालेल्या अभ्यासात दिसलं की वयाबरोबर मशरूम बॉडी वाढत जाते, आणि बाहेर पडून काम करणाऱ्यांमध्ये त्याहून जास्त वाढते. न्यूरॉन नवे येत नाहीत, असलेल्यांच्या फांद्या वाढतात.

म्हणजे कामाप्रमाणे मेंदू वाढतो. इथपर्यंत आपल्यालाही पटतं, अभ्यास केला की डोकं चालतं वगैरे. पण मुंगीच्या घरात याची दुसरी बाजूही आहे, काम गेलं की मेंदू काढून घेतला जातो, आणि ते सगळ्यात स्पष्ट दिसतं आपल्याच देशात.

दक्षिण भारतात, पश्चिम घाटाच्या जंगलात हार्पेग्नेथॉस सॉल्टेटर नावाची मुंगी राहते, उडी मारणारी मुंगी. जर्डन नावाच्या इंग्रजांच्या फौजेतल्या डॉक्टरने १८५१ मध्ये तिची नोंद केली. लांब चिमट्यासारखे जबडे, मोठे टपोरे डोळे, आणि शिकार नजरेने हेरून तिच्यावर थेट झेप घेते. घरं छोटी, काही डझन कामकरी मुंग्या आणि एक राणी. बहुतेक जातींत राणी मेली की ते वारूळ हळूहळू संपतं. इथे नाही. राणी मेली की कामकरी मुंग्यांमध्ये मिशांनी एकमेकींना टपटप मारायची झुंज सुरू होते आणि ती कित्येक दिवस, कधी महिनाभरही चालते. ज्या जिंकतात त्या राणीसारख्या अंडी घालायला लागतात. त्यांना गॅमरगेट म्हणतात.

जिंकल्यावर शरीर आतून बदलतं. अंडाशय कितीतरी पट फुगतो. आयुष्य, जे कामकरी मुंगीचं सात महिन्यांच्या आसपास असतं, ते चार वर्षांपर्यंत जाऊ शकतं. आणि मेंदू आक्रसतो, वीस ते पंचवीस टक्क्यांनी. १९९९ मध्येच ग्रोनेनबर्ग आणि लीबिग यांनी दाखवलं होतं की मेंदूही लहान होतो आणि नजरेचा भागही. डोक्यातली रसायनंही बदलतात, कोराझोनिन नावाचा एक रेणू शिकारी मुंग्यांत भरपूर असतो आणि अंडी घालणारीत कमी होतो, आणि या बदलाच्या वाटेवर असलेल्या मुंग्यांना तो टोचून दिला तर त्या पुन्हा शिकारीकडे वळतात, हे २०१७ मध्ये दिसलं. तो सुरुवातीचा खर्चाचा मुद्दा इथे येतो. आता तिला जन्मभर अंधारात बसून अंडी घालायची आहेत, रस्ता शोधायचा नाही, झेप घ्यायची नाही, खाणं दुसऱ्या आणून देणार, मग एवढा मेंदू कशाला पोसायचा? ते अन्न अंड्यांकडे वळवलं जातं.

बरीच वर्षं असं धरलं जायचं की हा एकदिशा रस्ता आहे. २०२१ मध्ये क्लिंट पेनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही गॅमरगेट मुंग्यांना रंगाचे ठिपके लावले, घरापासून काही आठवडे वेगळं ठेवलं आणि मग परत सोडलं. वेगळं राहिल्यामुळे त्यांची अंडी घालायची ताकद ओसरली होती, अंगाचा वास बदलला होता, आणि घरातल्या कामकरी मुंग्यांना ते लगेच कळलं. त्यांनी या परतलेल्यांना जबड्यात पकडून, हलूही न देता धरून ठेवलं. या जातीत अंडी घालायचा हक्क अर्धवट कुणाकडे ठेवत नाहीत. त्यानंतर त्यांचा अंडाशय आणखी आक्रसला, विष पुन्हा तयार व्हायला लागलं, आणि मेंदू परत वाढला, आधी कामकरी असताना होता तेवढा.

कीटकाचा पूर्ण वाढलेला मेंदू लहान होऊन पुन्हा मूळ मापावर येतो हे त्याआधी कुणी पाहिलेलं नव्हतं. त्या ठिपकेवाल्या मुंग्या नंतर इतर कामकरी मुंग्यांसारख्या बाहेर पडल्या आणि पुन्हा शिकार करायला लागल्या.